हवालदार आप्पांचा खपलीचा पाव

हवालदार आप्पांचा पाव पहिल्यांदा करपला तेव्हा मी त्यांच्याच ओट्यावर सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. रविवारची सकाळ होती. वास आधी हलकाच आला. मला वाटलं, कुणीतरी बांधावरचं गवत पेटवलं असेल. मग तो दाट झाला, नाकात बसला, तेव्हा पेन ठेवून मी आत गेले. स्वयंपाकघरात पातळ धूर तरंगत होता. गॅसच्या शेगडीवर ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीच्या फटीतून एक काळसर रेघ वर चढत होती, आणि तिच्यापासून दोन हातांवर आप्पा स्टुलावर ताठ बसले होते. डोळे मिटलेले, हात गुडघ्यांवर.

"आप्पा, पाव करपतोय!"

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मग पेटीकडे.

"आजून वास न्हाई आला, मॅडम," ते म्हणाले.

मला हसू आलं. म्हाताऱ्या माणसाला बसल्या बसल्या डुलकी लागली असेल, असं वाटलं. त्यांच्या पत्नी हिराकाकूही पदराने धूर वारत हसल्या. आप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी फडक्याने साचा बाहेर काढला, उलटा केला, आणि कोळशासारखा काळा पाव शेगडीशेजारी पडला. त्यांनी तो हातात घेऊन नाकापाशी नेला, तसाच धरून ठेवला, आणि त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली. ती आठी मी पहिल्यांदाच बघत होते. पुढे ती गेलीच नाही.

मी मूळची सांगलीची. संस्थेने माझी बदली वडूजच्या हायस्कुलात केली तेव्हा आप्पांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या. घर दहिवडीच्या रस्त्याला, गावापासून जरा सुटं. मागे ज्वारीचं रान, पुढे डांबरी रस्ता, आणि उन्हाळ्यात दिवसभर वाऱ्यावर उडणारी माती. घरात माणसं दोनच, आप्पा आणि हिराकाकू. एकुलती मुलगी सुनंदा लग्न होऊन सांगलीला होती. माझं माहेर सांगलीचं आणि त्यांच्या लेकीचं सासरही सांगलीचं, एवढ्यावर काकूंनी मला पहिल्याच दिवशी घरातली करून टाकलं.

आप्पा फौजेतून निवृत्त झालेले. आमच्या भागात घराआड एक फौजी, त्यात नवल नाही. पण हे फौजेत भटारखान्यात होते. बावीस वर्षं त्यांनी पाव भाजले. पारावर बसलेली माणसं लढाईच्या गोष्टी विचारायची तेव्हा आप्पा सरळ सांगायचे, "मी बंदूक कमी धरली, गड्या. कणीक लय धरली." लोक हसायचे आणि आप्पांना त्याचं काही वाटायचं नाही.

लढाईची नसली तरी त्यांच्याकडे एक गोष्ट होती, आणि ती ते फार रंगवून सांगायचे. वर बर्फातल्या ठाण्यावर थंडीने पीठ फुगायचं नाही. मग आप्पा आणि त्यांचे दोन सोबती कणकेचे गोळे डब्यात घालून कोटाच्या आत पोटाशी बांधायचे आणि तसेच दिवसभर कामाला लागायचे. एकदा मोठे साहेब तपासणीला आले. रांगेत उभ्या असलेल्या आप्पांपुढे थांबले आणि म्हणाले, हवालदार, तुमचं पोट फार सुटलंय. "म्या सलाम ठोकला," आप्पा सांगायचे, "अन् म्हणलं, साब, पेट नहीं है, कल का नाश्ता है!" एवढं सांगून ते स्वतःच इतके हसायचे, की डोळे पुसायला खांद्यावरचा पंचा लागायचा.

गावी परत आल्यावर त्यांनी पाव करणं सोडून दिलं होतं. पुढे काकूंना साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी ब्राऊन ब्रेड खायला सांगितला. आप्पा स्टँडजवळच्या दुकानातून एक पुडा घेऊन आले, एक तुकडा मोडून हुंगला आणि पुडा तसाच गोठ्यात नेऊन म्हशीपुढे टाकला. "मैद्याला काळा रंग फासलाय निस्ता," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पत्र्याचं काम करणाऱ्याकडे जाऊन त्यांनी कागदावर चित्र काढून दिलं आणि ती पेटी बनवून घेतली. शेगडीवर ठेवायची, आत दोन साचे बसायचे. तेव्हापासून आठवड्याला दोनदा, बुधवारी आणि रविवारी, त्या घरात पाव होत असे.

त्या पावाचं मी वर्णन काय करू? खपली गहू दोन वाटे आणि लोकवन तीन वाटे, जात्यावरच्यासारखं जाडसर दळून आणलेलं, कोंडा न काढलेलं पीठ. कोमट पाण्यात गूळ विरघळवायचा, त्यात यीस्ट सोडायचं, फेस वर आला की मीठ आणि करडईचं तेल घालून कणीक मळायची. मळायला बसण्याआधी आप्पा दाढी करत, कोपरापर्यंत हात धूत, स्वच्छ बनियन घालत. मळताना कुणाशी बोलत नसत. कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ झाली की ओल्या फडक्याखाली ठेवून द्यायची. पेटी तापली की नाही हे बघायला तिच्या तळाशी चिमूटभर पीठ टाकायचं आणि आकडे म्हणायचे. दहाच्या आत पीठ बदामी झालं की पाव आत. आणि त्यानंतर घड्याळ नाही. काकूंनी भिंतीवरचं घड्याळ बघून "चाळीस मिनिटं झाली" म्हटलं की ते चिडायचे.

"घड्याळाला काय कळतंय? नाक हाय न्हवं मला!"

आणि खरंच, काय नाक होतं ते! एकदा बाजारात गव्हाच्या पोत्याजवळून जाताना आप्पा थांबले. पोतं तोंडाशी उघडं, वरचा गहू सोन्यासारखा. आप्पांनी ओंजळभर गहू हुंगला आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "खालनं भिजलंय ह्ये." व्यापारी तावातावाने भांडायला उठला. आप्पांनी पोतं उलटं केलं. तळाचा गहू काळा पडून एकाला एक चिकटलेला होता. तो व्यापारी पुढे नवीन माल आला की आप्पांना बोलावून घ्यायचा.

म्हणून तर तो करपलेला पाव मला आज इतका आठवतो.

पुढच्या बुधवारी पाव कच्चा निघाला. त्यानंतरच्या रविवारी बाहेरून चांगला झाला, पण मीठच नव्हतं.   आप्पा जेवताना म्हणाले, "आज बरा झालाय," आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

मग दोष पिठावर आला. बापू गिरणीवाला दळणात दुसऱ्याचं पीठ मिसळतो, असं आप्पांनी ठरवून टाकलं. बापू त्यांच्या लहानपणापासूनचा सोबती. त्याच्या गिरणीत उभं राहून, चार बायकांसमोर, आप्पांनी त्याला वाटेल ते ऐकवलं. बापू संध्याकाळी घरी आला. ओट्यावर न बसता उभ्यानेच काकूंना म्हणाला, "वैनी, मला राग न्हाई. पर ह्येंच्याकडं जरा बगा. डोळं येगळंच दिसत्यात." काकूंनी त्याला चहा घ्यायला लावला. तो गेल्यावर आप्पा आतून बाहेर आले आणि त्याची कपबशी त्यांनी उचलून मोरीत आपटली.

त्याच हिवाळ्यात माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. आप्पा प्रत्येक पावाची नोंद एका वहीत ठेवत. हवा कशी होती, पीठ किती, पाणी किती, फुगायला वेळ किती लागला. अक्षर टपोरं, फौजी शिस्तीचं. एका रविवारी त्यांनी मला ती वही दाखवायला आणली. मी मराठीची शिक्षिका, रोज शंभर मुलांची अक्षरं बघते. मागच्या पानांवरचं अक्षर दोन रेघांमधली जागा भरून होतं. पुढच्या पानांवर ते बारीक होत गेलं होतं. शेवटच्या पानावर ओळ सुरू होताना अक्षर बरं होतं, आणि ओळ संपेपर्यंत मुंगीएवढं झालं होतं.

"आप्पा, अक्षर इतकं लहान का काढता?"

"लहान? आवं, न्हेमीसारखंच हाय की."

ते चालताना त्यांचा डावा हात हलत नाही, हेही मग मला दिसायला लागलं. उजवा पुढे-मागे जायचा आणि डावा अंगाला शिवल्यासारखा. मी हे कुणाला बोलले नाही. काय बोलणार होते? अक्षर लहान झालंय, हात हलत नाही, पाव अळणी होतोय. ह्या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मनात यायचं, आणि मी शाळेच्या कामाला लागायचे. ते गप्प बसणं मला अजून टोचतं.

जानेवारीत आप्पांनी पिठाच्या डब्याला कुलूप घातलं.

मला एकटीला गाठून ते म्हणाले, "मॅडम, तुमी शिकल्याल्या हाय म्हणून सांगतो. कुणीतरी पिठात काय तरी कालवतंय. वास मारून टाकलाय पिठाचा. पावाला वासच न्हाई ऱ्हायला."

"कोण कालवेल आप्पा? घरात तर तुम्ही आणि काकूच."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी बोलून गेले त्याचा अर्थ त्यांच्या डोळ्यांत हळूहळू उतरताना मला दिसला.

त्या आठवड्यापासून पावाची पहिली चकती काकूंनी खायची, असा नेम झाला. आप्पा समोर बसत. काकू खात. खाऊन झाल्यावर आप्पा थोडा वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत, आणि मग स्वतः खात. ज्या बाईच्या आजारासाठी पाव करायला घेतला, तिच्याच जिभेवर तो पारखून घ्यायचा! मी एकदा न राहवून काकूंना विचारलं, तुम्ही हे कसं सहन करता?

"खाल्ला न्हाई तर त्यांला खरंच वाटंल न्हवं, म्या काय तरी घातलंय म्हणून," काकू शेंगा फोडत म्हणाल्या. "खाते गपचीप. पाव काय वाईट नसतो. कवा मीठ नसतंय, कवा दोनदा असतंय."

आणि मग ती सकाळ.

बुधवार होता. कडाक्याची थंडी. मी शाळेला निघाले होते, पर्स खांद्याला लावून ओट्याच्या पायऱ्या उतरत होते, आणि वास आला. गॅसचा. क्षणभर मला वाटलं, माझ्याच खोलीतला. मागे वळून हुंगलं, तर तिथे काही नाही. मी धावत आप्पांच्या बाजूला गेले. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं आणि खाली फटीत पोतं कोंबलेलं होतं. थंडीत कणीक फुगावी म्हणून ते तसं करायचे. दार ढकललं, आणि वासाचा लोंढा अंगावर आला. खिडक्या बंद. आप्पा शेगडीपुढे उभे होते. पेटीचं दार उघडं, तळाशी पीठ टाकलेलं. ते पांढरंच होतं.

"तीनदा धा म्हणलं," ते माझ्याकडे न बघता पुटपुटले. "लालच हुईना. इझला वाटतं जाळ." आणि त्यांनी काडेपेटी उघडून काडी काढली.

"आप्पा, काडी ओढू नका! गॅस भरलाय घरात!"

"काय भरलाय?"

"वास येतोय, आप्पा! ठेवा ती काडी!"

त्यांनी मान वर केली. नाकपुड्या दोनदा फुगल्या. मग त्यांच्या नजरेत तोच संशय आला, बापूला बघताना आलेला, काकूंना बघताना येणारा.

"तुमी बी त्यांच्यातल्याच व्हय?" ते हळू आवाजात म्हणाले, आणि काडी काडेपेटीच्या कडेला टेकवली.

मला आजही कळत नाही ते मला कसं सुचलं. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मैदानावर काढते तो आवाज माझ्या तोंडून निघाला.

"हवालदार! सावधान!"

आप्पांच्या टाचा जुळल्या. हात सरळ खाली गेले. काडी बोटांतून सुटून फरशीवर पडली.

मी खाली वाकून सिलिंडरचं बटण फिरवलं, खिडक्या ढकलल्या, त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं. मागे कपडे वाळत घालणाऱ्या काकू ओरडण्याने धावत आल्या होत्या. त्यांनी विजेच्या बटणाकडे हात नेला, ठिणगी पडेल म्हणून तो मी धरला. आम्ही तिघं ओट्यावर बसून राहिलो.   आप्पांनी विचारलं, "मॅडम, खरंच वास येत हुता?"

"अजून येतोय, आप्पा."

"हिरा, तुला?"

काकूंनी होकाराची मान हलवली. आप्पांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं पुष्कळ दिवसांनी बघत असावेत.

"लसूण आण," ते म्हणाले.

काकूंनी लसूण आणला. त्यांनी पाकळी ठेचून नाकाशी धरली. मग म्हणाले, हिंगाची डबी आण. मग कापूर. मग बामची बाटली. एकेक वस्तू ते नाकाशी नेत, डोळे मिटत, आणि बाजूला ओट्यावर ओळीने ठेवत. शेवटी ते उठून आत गेले आणि फुगलेल्या कणकेचं पातेलंच घेऊन आले. ओलं फडकं काढून त्यांनी त्या कणकेत तोंड खुपसलं. वर काढलं तेव्हा मिशांना आणि नाकाला कणीक चिकटलेली होती.

"काय न्हाई," ते म्हणाले. "समदं पाणी झालंय."

काकू पदराने त्यांचं तोंड पुसायला लागल्या. आप्पांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "म्या तुला खायला लावत हुतो गं." एवढंच. त्या दिवशी डब्याचं कुलूप निघालं. आम्हाला वाटलं, आता सगळं उमजलं, आता मार्ग निघेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुलूप परत लागलं होतं.

सुनंदा सांगलीहून आली आणि आम्ही आप्पांना साताऱ्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. त्यांनी आप्पांना चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली, एक ओळ लिहायला लावली. मग आप्पांना बाहेर बसवून आम्हाला म्हणाले, "हा कंपवाताच्या जातीचा आजार आहे. नाक पुष्कळदा आधी जातं. कधी कधी कितीतरी वर्षं आधी, आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मग हात. डोक्यावर परिणाम होतोच असं नाही, पण ह्यांच्या बाबतीत तो सुरू झालाय." पुढे काय, असं सुनंदाने विचारलं. ते म्हणाले, "भास होतील. नसलेली माणसं दिसतील. वाद घालू नका."

उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघांना सांगलीला न्यायचं ठरलं. मधले तीन महिने राहिले, आणि ह्या तीन महिन्यांत मी आप्पांचं नाक झाले.

त्यांनीच ते मागितलं. "पाव करू द्या मला. वास तुमी सांगा." शेगडीला आता काकू हात लावत, आप्पा नाही. मी पेटीजवळ बसायचे आणि ते स्टुलावर, डोळे मिटून.

"आता कशाचा येतोय?"

"ओल्या कणकेचा."

"मग लय येळ हाय. आता?"

"भाजल्या शेंगांसारखा."

"टरफलासकट, का सोलल्याल्या?"

मला कधी असा प्रश्न पडला नव्हता. मी पुन्हा हुंगायचे. "टरफलासकट."

"मग ऱ्हाऊ द्या. शेवटाला गोड वास येतो, गुऱ्हाळात काहिलीजवळ उभं ऱ्हायल्यावर येतो तसा. त्यो आला की काढा."

तो वास आला की मी सांगायचे आणि काकू साचा काढायच्या. पाव उलटा करून आप्पा त्याच्या बुडावर बोटाने टकटक करत. पोकळ आवाज आला की मान हलवत. त्या महिन्यांतले पाव उत्तम झाले, पूर्वीपेक्षाही चांगले. पण पहिली चकती काकूंच्याच ताटात जायची. आणि एका रविवारी त्यांनी दुसरी चकती माझ्यापुढे सरकवली.

"तुमी बी खा आदी."

मी खाल्ली. ते माझ्या घशाकडे बघत होते, घास खाली उतरेपर्यंत. रोज ह्या घरात खाणारी मी, पण तो घास मला पाण्याबरोबर ढकलावा लागला.

मग त्यांनी तिसरी चकती कापली आणि काकूंना म्हणाले, "त्याला दे."

काकू उठल्या. एका बशीत ती चकती ठेवून त्यांनी ती कोपऱ्यात, पिठाच्या डब्यापाशी नेऊन ठेवली आणि परत येऊन बसल्या. मी बघितलं. कोपऱ्यात डबा होता, त्यावर कुलूप, बाजूला केरसुणी.

"कोण आहे तिथे, आप्पा?"

"त्यो कवाचा येतोय," आप्पा आवाज खाली आणून म्हणाले. "खाकी कोट हाय अंगात. बोलत न्हाई. पिठाकडं बगत बसतो निस्ता."

मी बाहेर आले तशा काकू मागोमाग आल्या. "रोज ठिवते," त्या म्हणाल्या. "न्हाई ठिवली तर लय घाबरत्यात. डाक्टर म्हणले, वाद घालू नका." त्यांनी मागे, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. "पर खरं सांगू मॅडम? आता मला बी त्या कोपऱ्याकडं पाठ करून बसवत न्हाई."

मे महिन्यात सुनंदाचा नवरा गाडी घेऊन आला. आप्पा भांडले नाहीत. मधल्या बाकावर बसले आणि त्यांनी काच वर करायला सांगितली. बापू गिरणीवाला आला होता. त्याने खपलीचं ताजं दळण एका पिशवीत आणलं होतं, ते काकूंच्या मांडीवर ठेवलं आणि काचेतून आप्पांना हात केला. आप्पांनी ओळख दाखवली नाही. गाडी गेल्यावर त्या घराच्या मागच्या बाजूला जायला मला नको वाटायचं. महिनाभरात मी गावात दुसरी खोली बघितली.

दिवाळीच्या सुट्टीत माहेरी गेले तेव्हा त्यांना भेटायला गेले. विश्रामबागेत सुनंदाचा फ्लॅट, दुसऱ्या मजल्यावर. दार उघडलं तर भाजल्या पावाचा वास! मी दारातच थबकले. स्वयंपाकघरात काकू होत्या. लेकीच्या विजेच्या ओव्हनपुढे चष्मा लावून वाकलेल्या.

"तुम्ही करता, काकू?"

"मग कोण करणार? एवढी वर्सं बगितलंय. जरा बसतो खाली, पर खाल्ला जातो." पाव दुधात कुस्करून त्या आप्पांना भरवत. आता आप्पांना चावायलाही जड जात होतं.

आप्पा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. किती बारीक झाले होते! चेहरा हलत नव्हता, मुखवट्यासारखा झाला होता. दाढी मात्र स्वच्छ केलेली. मी समोर बसले, नाव सांगितलं, वडूजची आठवण दिली. त्यांनी नम्रपणे मान हलवली, कुणा परक्या माणसाला हलवावी तशी. थोड्या वेळाने काकू पाण्याचा पेला घेऊन आल्या. त्यांनी आप्पांचा हात पेल्याभोवती धरून त्यांना दोन घोट पाजले. आप्पा त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले.

"बाई, तुमी कुठल्या?" त्यांनी विचारलं.

काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. "वडूजची हाय मी."

"असं व्हय? आमची मंडळी बी तिथंच असती. हिरा नाव. वळखता?"

"वळखते की. चांगली वळखते."

आप्पांनी गॅलरीच्या दोन्ही टोकांकडे बघितलं. मग पुढे झुकून, फार कष्टाने, ते काकूंच्या कानाशी आले. मला सगळं ऐकू येत होतं.

"तिला यक निरोप सांगाल? म्हणावं, घरात यक माणूस शिरलाय. पिठाला हात लावू नगंस. तू काय खाऊ नगंस मी येईस्तवर." त्यांना धाप लागली. "तिला साखर हाय. तिला काय झालं न्हाई पायजे, बाई."

"सांगते," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज अजिबात हलला नाही. रिकामा पेला त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. "आणिक काय सांगू?"

आप्पा विचार करत राहिले. खालून एक रिक्षा गेली, कुठेतरी फटाक्यांची माळ वाजली, तरी त्यांची पापणी लवली नाही. मला वाटलं, विसरले. मग ते म्हणाले, "सुट्टी मंजूर झालीया, म्हणावं. निघालोच."

"बरं. वाट बगतीया ती तुमची."

हे ऐकलं आणि आप्पा सरळ बसायला लागले. एक हात खुर्चीच्या दांडीवर दाबून त्यांनी पाठ उचलली. काकू त्यांना सावरायला पुढे झाल्या. आणि आप्पा खुर्चीखाली पायांनी चपला चाचपायला लागले.